लाल दिवा

सातारा-सांगलीला लाल दिव्याचं अप्रूप कधीच नव्हतं. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, पृथ्वीराज चव्हाण, एकनाथ शिंदे... मुख्यमंत्रीच इतके दिले या दोन जिल्ह्यांनी, की मंत्री मोजत बसायला कुणाला वेळ नाही. २०१७ च्या मे महिन्यात गाड्यांवरचे लाल दिवे उतरले आणि हळूहळू तुमच्याआमच्या घरात, टीव्हीशेजारच्या फायबर इंटरनेटच्या पांढऱ्या डबीवर येऊन बसले. मंत्र्याचा दिवा दिसला की वाहतूक थांबायची. हा दिसला की घर थांबतं.

डबीवर ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असेल तर उजेड घरापर्यंत पोचतोय. ‘लॉस’चा लाल लागला तर वाटेत कुठंतरी अडलाय. मग डबी बंद करून चालू करण्यात काडीचा अर्थ नसतो. तरी घरातला प्रत्येक जण येता-जाता ते पुण्यकर्म उरकून घेतो.

डबीला येणाऱ्या वायरीतून वीज जात नाही, उजेड जातो. आत काचेचा धागा, आणि त्याचा उजेड नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस त्याच्यापुढं ओंडका. पुरेशी शुद्ध काच मिळाली तर उजेड मैलोगणती जाईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडलं आणि नोबेल मिळालं २००९ मध्ये. त्या मानानं आमच्या तक्रारी लवकर सुटतात म्हणायच्या. काचेतून उजेड मिळवण्याची सवय मात्र आम्हाला त्याही आधीची. कराडशेजारच्या ओगलेवाडीत काचकारखाना होता, तिथला प्रभाकर कंदील घरोघरी लागायचा. रोज संध्याकाळी राखेनं कंदिलाची काच पुसणाऱ्या आजीला फायबरच्या हिरव्या टोकावरची धूळ का चालत नाही, हे समजावून सांगावं लागलं नसतं. आजचे वीर ते टोक उपसून त्यावर फुंकर मारतात. तोंडातली वाफ काचेवर बसते आणि होता तो उजेडही जातो.

फायबर तुटण्याची कारणं हंगामाप्रमाणं बदलतात. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू झाले, की हातभर जास्त उंच रचलेल्या ट्रॉल्या गल्लीतून निघतात. लहानपणी आपण ट्रॉलीतला ऊस ओढायचो, आता ट्रॉली आपली वायर ओढते. ऊस संपला की खोदाई. जेसीबीला जमिनीखालचं सगळं सारखंच. पावसाळ्यात मात्र या काचेला मानलं पाहिजे. जुन्या तांब्याच्या फोनला चार थेंबांत खरखर लागायची. काचेला पाण्याचं काही वाटत नाही. पण २०१९ च्या ऑगस्टसारखं सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं की वीजच जाते, आणि डबीला वीज लागते.

घरातलं नुकसान बिनहंगामी. वायर पुरते म्हणून तिच्यावर टॉवेल वाळतात. उरलेली गुंडाळी रबर लावून घट्ट आवळली जाते. उजेड धाग्याच्या आत भिंतीवर आपटत, परतत पुढं जातो. वळण फार अरुंद झालं की बाहेर निसटतो. वायर अखंड, कुठं ओरखडा नाही, आणि लाल दिवा!

मग येतो फायबरवाला पोरगा. पाठीवरच्या सॅकमधून जॉइंट मारायचं मशीन काढतो, पायरीवर ठेवतो. वायर सोलतो, धागा स्पिरिटनं पुसतो, एका टिचकीत सरळ कापतो. स्क्रीनवर दोन टोकं समोरासमोर येतात, बारीक ठिणगी पडते, काच काचेला जुळते. वर प्लॅस्टिकची नळी तापवून बसवली की झालं. घरातले सगळे स्क्रीनकडं बघत असतात. तो मात्र खाली पडलेले काचेचे तुकडे चिकटपट्टीनं टिपत असतो. ते पायात गेले तर दिसतही नाहीत.

या सगळ्यात शेजारधर्म तेवढा वाढला. खांबावरच्या डब्यात एकाच धाग्याचा उजेड आठ, सोळा, बत्तीस घरांत वाटला जातो. शेजारचंही गेलं असेल तर भानगड डब्यात किंवा पुढच्या लाइनीत, एकट्याचं गेलं असेल तर आपल्याच वायरीत. त्यामुळं वर्षानुवर्षं बांधावरून न बोलणारे भाऊ आता कुंपणावरून विचारतात, “तुमचं चालू हाय का?” आपलंही गेलंय हे कळल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलतो, तो कुठल्याच वेगानं डाउनलोड होत नाही.

तेव्हा तक्रार करताना नुसतं “नेट गेलंय” म्हणू नका, पुन्हा डबी बंद-चालू करायला लावतील. “शेजारी चालू आहे, माझ्याकडं लॉस लाल आहे,” एवढं सांगा. आणि पोरगा येईतो त्या हिरव्या टोकाला हात लावू नका.