बस्त्याचा हिशेब

रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी बजावलं: नुसत्या विक्रीवर भुलू नका, कोणत्या गिऱ्हाइकापायी किती कामं पडली तेही मोजा. नगरच्या कापडबाजारात गादीवर बसून हा हिशेब मांडून पाहावा. लग्नाचा बस्ता: माणसं अकरा, उलगडलेल्या साड्या साठ, चहाच्या दोन फेऱ्या (त्यात तीन कप बिनसाखरेचे), घड्या घालणारा पोरगा दिवेलागणीपर्यंत गुंतलेला. वर मानाचा टॉवेल फुकट आणि निम्मे पैसे उसाचं बिल आल्यावर. तरी शेटजी खूश, बिल मोठं ना! कोपऱ्यात एक आजी दोन मीटर अस्तर घेते, रोख मोजते, पिशवीही घरची. तिला चहा कोणी विचारत नाही. म्हणूनच तर ती फायद्याची!