दमेकरी निघाला लेहला

दमेकरी प्रवासाला निघाला की लोक त्याला निरोप देत नाहीत, औषध सांगतात. मी लेहला निघालोय ही बातमी सोसायटीत फुटली आणि संध्याकाळपर्यंत घरात कापराच्या इतक्या वड्या जमल्या, की पुढच्या गणपतीच्या आरत्यांचीही सोय झाली. कापूर रुमालात बांधून हुंगत राहिलं की उंचीवर ऑक्सिजन कमी पडत नाही, असा आपल्याकडे ठाम समज आहे. केदारनाथच्या वाटेवर असो की लडाखच्या, मराठी मंडळींची गाडी जवळ आली की आधी वासावरून कळते.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कोजागिरीच्या चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून घ्यायचं औषध सुचवलं. आमचं तिकीट जूनचं. जून म्हटल्यावर मेहुण्याला हैदराबाद आठवलं. तिथे मृगाला औषध भरलेला जिवंत मासा गिळायला देतात आणि दमा जातो म्हणे. आम्ही शाकाहारी, हे मी त्याच्या नजरेस आणून दिलं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "शाकाहाऱ्यांना गुळातून देतात." लोकांनी माझ्या सुटकेच्या सगळ्या वाटा आधीच बुजवलेल्या असतात.

लेहची कल्पना अर्थातच माझी नव्हे. हिच्या भिशीतल्या बायकांनी पँगाँग तलावाच्या काठावर एका गाजलेल्या सिनेमातल्या पिवळ्या स्कूटरवर बसून काढलेले फोटो वर्षभर आमच्या घरात फिरत होते. "अहो, तुम्हाला नसेल जमत तर राहू दे," असं ही म्हणाली. तीस वर्षांच्या संसारानंतर या वाक्याचा अर्थ 'बॅग भरा' असा होतो.

छातीच्या डॉक्टरांनी फुंकायला बसवलं. ही चाचणी ज्यांनी दिली नाही त्यांना सांगतो. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि तुमच्या मुलीच्या वयाची एक तंत्रज्ञ तुमच्यावर ओरडते. "काका, पूर्ण आत घ्या! आता फुंका फुंका फुंका फुंका... सोडू नका, सोडू नका, अजून, अजून!" फुप्फुसात काही उरलेलं नसताना सहा सेकंद फुंकत राहायचं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि ती म्हणते, "छान. आता परत." मग कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं. बाकावरचे पेशंट माझ्याकडे पाहत होते आणि मी, आपण सहजच फिरतोय असं दाखवत होतो.

माझा आकडा वयाच्या मानाने बासष्ट टक्के निघाला. डॉक्टर म्हणाले, "जा, पण मी सांगतो तसं." घरी ऑक्सिजन लावणारे, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेले, नुकतेच ॲडमिट होऊन आलेले यांना ते मुळीच पाठवत नाहीत. दमा आटोक्यात असेल तर बहुतेकांना जाता येतं. मग त्यांनी उंचीवर नेमकं काय होतं ते समजावलं. हवेतला ऑक्सिजन सगळीकडे सारखाच, एकवीस टक्के. पुण्यातही तेवढाच, खारदुंगला खिंडीतही तेवढाच. कमी होतो तो हवेचा दाब. मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस. म्हणजे व्याजाचा दर तोच, मुद्दल घटलं. लेहला ते दोन तृतीयांशाच्या आसपास उरतं आणि खारदुंगलावर जेमतेम निम्मं. मुळात मी बासष्ट टक्क्यांचा खातेदार. हिशेब केल्यावर मी गप्प बसलो. कापराचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कापरातून कापूरच निघतो. आणि उग्र वासाने तुमचा दमा उसळला तर मला फोन करू नका."

विमानातही माणूस नकळत उंचावर असतो. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. तेव्हा सीटवर पट्टा बांधून सँडविच खाणारा प्रवासी महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्याही वर श्वास घेत असतो आणि त्याला घामही आलेला नसतो. लेहची आणखी एक गंमत आहे. इतर ठिकाणी विमान उतरताना केबिनमधली हवा दाट होत जाते. लेहचा विमानतळच दहा हजार फुटांच्या वर, त्यामुळे इथे विमान खाली येतं आणि हवा आणखी विरळ होते.

आमच्या गटात एक सिंहगडवाले होते. दर रविवारी गड चढणारे, पोटाला चरबी नाही, आणि ही बाब आपण विसरू नये याची काळजी घेणारे. लेहला पोचल्यावर टूरच्या मॅनेजरने बजावलं, आज फक्त झोपायचं. मी चाळीस वर्षं या हुकमाची वाट पाहत होतो. सिंहगडवाल्यांनी मात्र बूट बांधले आणि शांतीस्तूपाच्या पायऱ्या चढून आले. संध्याकाळी त्यांचं डोकं ठणकत होतं, जेवण पोटात ठरेना. उंचीचा त्रास तब्येत पाहून होत नाही, कमावलेल्या शरीराला तिथे सवलत नसते. त्रास होतो घाईने. दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या चिनी नोंदींमध्ये या बाजूला येण्याच्या वाटेवरचे 'मोठा डोकेदुखी पर्वत' आणि 'छोटा डोकेदुखी पर्वत' असे दोन डोंगर आहेत. नाव ठेवणाऱ्यांच्या टोळीतही कोणीतरी सिंहगडवाला असणारच.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पोह्यांबरोबर ऑक्सिमीटर फिरला. करोनानंतर तो प्रत्येक मराठी घरात लाटण्याच्या शेजारी असतो. पुण्यात बाकीचे अठ्ठ्याण्णव आणि मी चौऱ्याण्णव, हे अंतर मी वर्षानुवर्षं खाली मान घालून सोसलं होतं. इथे सगळेच सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीवर आले होते. मी चौऱ्याऐंशी. लोक घाबरून बोटं बदलून पाहत होते. (बोट गार असेल तर यंत्र चुकतं, आधी हात चोळावेत.) जिना चढून आलेला प्रत्येक जण कठड्याला धरून उभा, वाक्य अर्ध्यात तोडून श्वास घेणारा. माझ्या लक्षात आलं, की ही सगळी मंडळी आज पहिल्यांदा दमेकरी झाली आहेत. त्यांना काहीही येत नाही. मला सगळं येतं.

मग मी शिकवण्या घेतल्या. पहिला धडा, शीळ घालताना करतो तसे ओठ करून श्वास हळू सोडायचा, घेण्याच्या दुप्पट वेळ लावायचा. दुसरा, एका श्वासाला एक पायरी. तिसरा सर्वात महत्त्वाचा: थांबावंसं वाटलं तर 'दमलो' म्हणायचं नाही, डोंगराकडे बघून 'वा!' म्हणायचं. दुपारपर्यंत आमचा गट लेहच्या बाजारात इतक्या वेळा 'वा!' म्हणाला, की दुकानदार बाहेर येऊन आपल्या दुकानाच्या पाटीकडे बघू लागले.

आमचा लडाखी ड्रायव्हर या सगळ्यांकडे प्रेमाने पाहायचा. खारदुंगलाच्या चढावर त्याने चाक बदललं, ते बदलताना तो गात होता. तिबेटी पठारावरच्या लोकांत एका जनुकाचं खास रूप असतं, ते विरळ हवेतही रक्त फार दाट होऊ देत नाही. २०१४ साली संशोधकांना कळलं, की हा वारसा नामशेष झालेल्या डेनिसोव्हन मानवांकडून आला आहे. काही लोकांचे पूर्वज किती विचार करून ठेवतात! आमच्या पूर्वजांनी मला दमा दिला आणि रत्नागिरीजवळची वादातली अकरा गुंठे जमीन.

खारदुंगलाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. मोजल्यावर खिंड १७,५८२ फुटांची निघाली. फुप्फुसं पाटी वाचत नाहीत, त्यामुळे मला फरक पडला नाही. वर वेफरची पाकिटं फुगून टम्म झाली होती, आणि ज्या नियमाने पाकीट फुगतं त्याच नियमाने प्रवाशाचं पोटही. या त्रासाची नोंद १९८१ सालीच एका वैद्यकीय नियतकालिकात रीतसर झाली आहे. आमच्या गाडीत ती खिडक्या उघडून झाली.

रात्री वेगळाच प्रकार. उंचीवर झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि मग एकदम जोरात सुरू होतो. निरोगी माणसाचाही. हे ठाऊक नसल्यामुळे ही पहिल्या रात्री मला दर पंधरा मिनिटांनी हलवून "अहो, आहात ना?" विचारत होती. शेवटी ती झोपली आणि मी ऐकत बसलो, तर तिचाही श्वास तसाच थांबत होता. मी मात्र तिला उठवलं नाही. एवढी शांतता आमच्या घरात दुर्मीळ. शिवाय डॉक्टरांनी उंचीच्या त्रासावर दिलेल्या डायमॉक्सच्या गोळीने मला तसंही रात्रभर उठवलंच. त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव जाते आणि कडाक्याच्या थंडीत पुन्हापुन्हा बाथरूम गाठावी लागते. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी ती घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लेहला मी पुण्यापेक्षा कमी खोकलो. गादी-उशीतल्या धुळीतले बारीक किडे, ज्यांच्यामुळे माझा अर्धा दमा आहे, त्या कोरड्या उंचीवर फारसे जगत नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या डाव्होसला छातीचे रुग्ण एकोणिसाव्या शतकापासून मुद्दाम जात, आपल्याकडे तो मान पाचगणीचा. पण ही दोन्ही गावं लेहच्या निम्म्याहून कमी उंचीवर आहेत, हे विसरून कोणी खारदुंगलावर आरोग्यधाम शोधू नये. थंड कोरड्या वाऱ्यात नाकावर मफलर गुंडाळावाच लागतो. त्यात मी आणि आमच्या गटातल्या साऱ्या बायका सारख्याच दिसायचो.

पँगाँगला मुक्काम करायला डॉक्टरांची मनाई होती, कारण तिथली रात्र चौदा हजार फुटांवर काढावी लागते. नुब्रा खोरं चालेल म्हणाले. खिंड ओलांडून पलीकडे उतरलं की तिथलं हुंदर गाव लेहपेक्षाही खाली आहे, आणि महत्त्वाचं असतं ते झोपायचं ठिकाण. त्यामुळे पँगाँगला ही एकटीच गटाबरोबर भिशीच्या पिवळ्या स्कूटरचं कर्तव्य पार पाडायला गेली आणि मी लेहमध्ये गरम थुक्पा पीत, जर्दाळू खात बसलो. परत आलेल्यांपैकी कोणीही झोपलेलं नव्हतं. फोटो मात्र छान आले होते.

तर दमेकरी बंधू-भगिनींनो, जायचं असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन फुंकून या, वर पोचल्यावर आधी झोपा, आणि धाप बसल्या जागी लागू लागली तर 'वा!' म्हणत न थांबता तडक खाली उतरा. आणि पंप बॅगेत ठेवू नका, आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. गार पडला तर तो नीट फवारत नाही, आणि बॅग ऐनवेळी नेहमी दुसऱ्या गाडीच्या टपावर असते.