डेमोबहाद्दर

अण्णांनी आजवर एकाही सॉफ्टवेअरवाल्याला नाही म्हटलेलं नाही. हो तर मुळीच म्हटलेलं नाही.

असा एक अण्णा प्रत्येक वाढत्या धंद्यात असतो. भोसरीत तो नटबोल्ट करतो, सातपूरला खोकी करतो, इचलकरंजीत कापड विणतो. आमचे अण्णा सांगलीचे, म्हणून भडंग करतात. भडंग, चकली, चिवडा, दिवाळीत अनारसे. कुपवाडच्या एमआयडीसीत कारखाना आणि दुकानं चार: सांगलीत वडिलांची पेढी, मग मिरज, जयसिंगपूर आणि अलीकडचं तासगाव. धंदा वाढला म्हणजे नक्की काय झालं, हे सांगताना अण्णा उलाढालीचा आकडा काढत नाहीत (तो आयकरवाल्यांनाही नीट कळलेला नाही). ते म्हणतात, ‘पूर्वी मला प्रत्येक पोराचं नाव, गाव आणि तंबाखूची पुडी माहीत होती. आता पगाराच्या दिवशी आपला कोण आणि गिऱ्हाईक कोण, तेच कळत नाही.’ माणसं बेचाळीस झाली आहेत.

खटका उडाला तो तासगावात. एका निवृत्त मास्तरांनी काउंटरवरच्या पोराला विचारलं, ‘चकली ताजी आहे का?’ पोरगं सत्यवादी. म्हणालं, ‘माहीत नाही, मी आजच लागलोय.’ मास्तरांनी तिथूनच अण्णांना फोन लावला. अण्णांचा नंबर भडंगाच्या पाकिटावर छापलेला आहे. ही चूक अण्णांच्या वडिलांची.

पुतण्या नुकताच पुण्याहून एमबीए करून आला होता. तो म्हणाला, ‘काका, आपल्याला एलएमएस लागेल.’

‘ते काय?’

‘लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम.’

‘लर्निंग पोरांनी करायचं, मॅनेजमेंट मी बघतो. सिस्टीम तेवढी सांग.’

आणि डेमो सुरू झाले.

डेमोची वेळ दुपारी तीन. त्या वेळी गिऱ्हाईक नसतं आणि अण्णांना पेंग आवरत नाही. गल्ल्यामागच्या खोलीत भडंगाच्या मोठ्या डब्यावर लॅपटॉप ठेवला जातो. समोर अण्णा, हातात लाल वही, कानावर पेन. मागे वहिनी, हिशेबनीस, टेम्पो लावून आत आलेला ट्रान्सपोर्टवाला आणि चहाच्या वेळेला नेमका हजर होणारा माझ्यासारखा एखादा. अण्णांचं म्हणणं, चार डोळे जास्त असले की माल नीट पारखला जातो.

पडद्यावर बंगळुरूची एक मुलगी. तिने उत्साहाने कर्मचाऱ्यांची यादी उघडली. पहिलंच नाव जॉन स्मिथ, विभाग सेल्स, प्रशिक्षण ३५ टक्के पूर्ण. अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

‘ह्याचं का राहिलंय?’

‘सर, तो नमुन्यादाखल घातलेला कर्मचारी आहे.’

‘नमुना असू दे की. पण मागं का राहिलाय? कुठल्या शाखेत आहे?’

मुलीने समजावलं, पुतण्याने समजावलं. अण्णांनी वहीत ‘जॉन – चौकशी’ असं लिहून ठेवलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कंपनीच्या डेमोत जॉन स्मिथ पुन्हा भेटला. आता ७० टक्क्यांवर. अण्णांना मनापासून बरं वाटलं. ‘सुधारला की ओ,’ ते म्हणाले, आणि ट्रान्सपोर्टवाल्यानेही मान डोलावली.

त्यानंतर ठरलेले प्रश्न. हे टॅलीला जोडतं का? हजेरीच्या अंगठ्याच्या मशीनला जोडतं का? वर काय देणार? शेवटचा प्रश्न अण्णा कुठेही विचारतात. एकदा कंपनीच्या वेबसाइटवर कोपऱ्यात उघडणाऱ्या गप्पांच्या चौकटीत त्यांनी स्वतः बोटाने टाइप करून घासाघीस केली. समोरचा यंत्रमानव होता. तो दर वेळी ‘आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का’ म्हणे, आणि अण्णा दर वेळी पाच टक्के खाली उतरत. ज्या वेबसाइटवर किमतीच्या जागी ‘विक्री विभागाशी संपर्क साधा’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यांच्यावर मात्र त्यांचा राग. ‘सराफ कट्ट्यावर सोन्याचा भावसुद्धा बोर्डावर लावतात. ह्यांच्याकडं काय हिरे आहेत?’

पुतण्याने एक्सेलचा तक्ता केला होता. आडवी नऊ सॉफ्टवेअर, उभे चौसष्ट गुण. अण्णांनी तो छापून घेतला, चष्मा लावून वाचला आणि दोनच ओळींवर बोट ठेवलं. ‘बॅज म्हणजे? पितळी का प्लॅस्टिकचा?’ बॅज पडद्यावरच मिळतो, खिशातून काही जात नाही, हे कळल्यावर ती ओळ मंजूर झाली. लीडरबोर्ड त्यांनी जागच्या जागी खोडला. ‘पहिला आला की सोमवारी पगारवाढ मागणार. नको.’

मग स्कॉर्म. ‘आमचं स्कॉर्म कम्प्लायंट आहे’ हे वाक्य प्रत्येक विक्रेता आवाज थोडा खाली आणून बोलतो. पुतण्याने शोधून काढलं, की एका सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला धडा दुसऱ्यातही चालावा म्हणून ठरवलेली ही पद्धत आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या उपक्रमातून ती निघाली आणि २००१ सालची तिची १.२ आवृत्ती अजूनही वापरात आहे. अण्णा क्षणभर गप्प झाले. ‘म्हणजे अमेरिकेच्या मिलिटरीला चालतं ते आपल्या मिरजेच्या पोराला चालंल म्हणता?’ त्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांनाही अमेरिकेची मिलिटरी ऐकवू लागले. वास्तविक ज्याला तयार धडे विकत घ्यायचे आहेत, किंवा उद्या सॉफ्टवेअर बदलताना आपले धडे बरोबर न्यायचे आहेत, त्याला ह्याचा उपयोग. अण्णांकडे न्यायला एकही धडा नव्हता.

भावाच्या बाबतीत मात्र अण्णांना हसू नये. ‘माणशी महिना १०० रुपये’ हे ऐकायला चहापाण्यासारखं लागतं. अण्णा तोंडी हिशेब करतात. बेचाळीस माणसं, बारा महिने, ५०,४०० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, झाले ५९,४७२. पलीकडच्या मुलीने कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत आकडा लाल वहीत उतरलेला होता. मग हळूच प्रश्न आला. ‘ताई, दिवाळीआधी दोन महिने माझ्याकडं साठ माणसं असतात. शिमग्याला पस्तीस. मी साठांचे पैसे बारा महिने का भरायचे?’ पलीकडे शांतता. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाचे पैसे घेणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्या महिन्यात ज्याने खरोखर सॉफ्टवेअर उघडलं त्याचेच घेणाऱ्या वेगळ्या. शिवाय ‘किमान शंभर माणसं’ आणि ‘वर्षाचे पैसे आगाऊ’ ही कलमं शेवटच्या पानावर असतात. हंगामी माणसं ठेवणाऱ्याचा नफा-तोटा तिथेच ठरतो, आणि पुतण्याच्या चौसष्टांत ती ओळच नव्हती. अण्णांचा दुसरा प्रश्नही तक्त्यात नव्हता. ‘उद्या मी तुम्हाला सोडलं, तर माझ्या पोरांची माहिती मला परत मिळंल का? कशात? किती दिवसांत?’ ह्यावर दोन कंपन्यांनी ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ म्हटलं. ते वरिष्ठ अजून विचार करत असावेत.

पण इतकं पारखून अण्णा घेत काहीच नसत. एका कंपनीची चौदा दिवसांची मोफत चाचणी नेमकी पितृपक्षात सुरू झाली. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही. सॉफ्टवेअर ही वस्तू आहे की नाही, ह्यावर वहिनींचं आणि अण्णांचं एकमत होईपर्यंत सर्वपित्री अमावास्या आली आणि चाचणी संपली. कंपनीने बिचारीने घटस्थापनेपासून मुदत वाढवून दिली. घटस्थापनेपासून भाऊबिजेपर्यंत अण्णांना मान वर करायला फुरसत नसते.

मधल्या काळात पुतण्याला मूडल सापडलं. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डूगियामस नावाच्या माणसाने ते बनवलं, पहिली आवृत्ती २००२ सालची, जगभरची विद्यापीठं ते वापरतात आणि सॉफ्टवेअरचा परवाना फुकट. ‘फुकट’ ह्या शब्दाला अण्णांनी उभं राहून दाद दिली. मग कळलं, की ते ठेवायला सर्व्हर लागतो, त्याचं भाडं असतं, आणि दर थोड्या दिवसांनी ते अद्ययावत करायला, बॅकअप घ्यायला जाणता माणूस लागतो. पुतण्याने ‘मी करतो’ असं म्हटलं नाही. अण्णा परत बसले.

एका डेमोत मात्र गंमत संपली. तिथल्या मुलाने सहज विचारलं, ‘तुमच्या अंतर्गत समितीचं प्रशिक्षण झालंय का?’ दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री हवी आणि कर्मचाऱ्यांना त्याची माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे, असं २०१३ चा कायदा सांगतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फोस्टॅक योजनेचाही नियम तसाच: अन्न हाताळणाऱ्या दर पंचवीस माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक. अण्णांनी दोन्ही वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, ‘अध्यक्ष मावशींना करा. नाही तरी त्याच आहेत.’

मावशी म्हणजे कारखान्यातल्या चकलीच्या मुख्य. अण्णांच्या वडिलांनी ठेवलेल्या, त्यामुळे अण्णांना एकट्या त्याच अरेतुरे करतात. ह्या सगळ्या काळात कुपवाडला खरं प्रशिक्षण त्याच देत होत्या. नव्या बाईला त्या कढईपाशी उभं करतात आणि सांगतात: भाजणीला मोहन कमी पडलं तर चकली दगड होते, जास्त झालं तर तेलात विरघळते. घाणा सोडल्यावर तेल आधी खवळतं. बुडबुडे निवत आले की झारा उचलायचा, घड्याळाकडे बघायचं नाही. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. चकली कुठल्या तारखेची हे पाकिटावर कसं बघायचं, हेसुद्धा लिहिलेलं नव्हतं. अण्णा नऊ कपाटं बघून आले होते आणि कपाटात ठेवायला घरात कपडा नव्हता.

पुतण्याने मावशींना व्हिडिओसाठी विचारलं. त्या ‘हॅट’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी घडीची इरकल नेसून आल्या. व्हिडिओ दोन मिनिटांचा झाला. त्यात त्या बघणाऱ्याला दोनदा दटावतात. तो ‘अण्णा परिवार’ ह्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यावर गुलाबाची फुलं, सुप्रभात आणि एका टेम्पोच्या विक्रीची जाहिरात येऊन बसली. कोणी बघितला, कोणाला समजला, पत्ता नाही. वीसेक माणसांचा धंदा असता तर मी म्हटलं असतं, गूगल फॉर्मवर पाच प्रश्न फुकट विचारा आणि गप्प बसा. पण चार गावांतल्या बेचाळीस माणसांचा हिशेब असा ठेवला तर पुतण्याचं वर्ष त्यातच जाईल.

पुढच्या डेमोंना अण्णांनी लाल वही आणली नाही. तासगावच्या त्याच सत्यवादी पोराला बोलावून घेतलं आणि त्याचा फोन टेबलावर ठेवला. काचेला कोपऱ्यात तडा, साठा भरलेला. ‘ह्याच्यावर मावशींचा व्हिडिओ दाखवा. मग बोलू.’

पहिल्याचं ॲप त्या फोनवर उतरेचना. जागा करायची तर पोराला भाचीच्या बारशाचे फोटो पुसावे लागले असते. दुसऱ्याने ईमेल मागितला. पोराला ईमेल एकदा काढून दिला होता, पासवर्ड ज्याने काढून दिला त्याला माहीत. तिसऱ्याचं चाललं, पण प्रश्न इंग्रजीत, आणि कारखान्यातल्या राजस्थानी कारागिरांना हिंदीच हवी. चौथ्याने मोबाइल नंबरवर ओटीपी पाठवला, ब्राउझरमध्येच व्हिडिओ उघडला, खाली मराठीतून पाच प्रश्न आले. वरच्या कोपऱ्यात दाबलं की तेच हिंदीतून. पोराने चार बरोबर सोडवले. त्या सॉफ्टवेअरला बॅज नव्हते, लीडरबोर्ड नव्हता, अमेरिकेची मिलिटरीही नव्हती. पैसे महिन्याचे महिन्याला, ज्याने उघडलं त्याचेच.

अण्णा तेव्हाही हो म्हणाले नाहीत. ‘तासगावला तीन महिने लावून बघा,’ म्हणाले. ‘वर काय देणार?’ हे विचारलंच. कंपनीने पहिला महिना सोडला.

तासगावला आता नऊ जण आहेत. आठ जण परीक्षा देऊन पास झाले. नववा अण्णांचा मेहुणा आहे. तो तिथला मॅनेजर.