काका, स्कॅन करा ना!

नगर-पुणे रस्त्यावरच्या फॅमिली गार्डन हॉटेलांनी आता जेवणाआधी गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायचं ठरवलंय. टेबलावर पाण्याचा जग, कांदा-लिंबू आणि ॲक्रिलिकच्या स्टँडमध्ये काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. मेनू मागितला की वेटर चौकोनाकडे बोट करतो, "काका, स्कॅन करा ना!" काका पाथर्डीहून दवाखान्याच्या कामाला आलेले. खिशात बटणांचा फोन, पोटात सकाळचा चहा. त्यांनी काय चौकोन चाटायचा?

क्यूआर कोड 1994 साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी काढला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. टेबलापर्यंत तो आणला कोरोनाने. 5 ऑक्टोबर 2020 पासून राज्यातली हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा कार्डाला हात लागला तरी विषाणू चिकटेल अशी भीती होती. ती रास्तच होती म्हणा. फक्त त्याच काळात सगळी टेबलं एकाच ओल्या फडक्याने पुसली जात होती. विषाणू ओसरला, फडकं राहिलं आणि चौकोनही राहिला.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांचं तरी बरं चाललंय असं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येत नाही. वायफायचा पासवर्ड मालकाला ठाऊक आणि मालक शिर्डीला गेलेले. कसंबसं पान उघडलं की ते शहर विचारतं. यादीत अहमदनगरही असतं आणि अहिल्यानगरही. मग मोबाइल नंबर, मग ओटीपी. दुकानदारांनी नंबरासाठी अडून बसू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2023 मध्येच बजावलंय. पण शेवभाजी मागवताना खात्याचा हवाला देण्याइतकी ताकद भुकेल्या माणसात कुठली?

आणि शेवटी उघडतं काय? जुन्याच मेनूकार्डाचा फोटो! कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागासकट. दोन बोटांनी ताणून मोठं करावं तर 'पनीर' दिसतं तेव्हा दर दिसत नाही, आणि दर दिसतो तेव्हा तो कशाचा ते कळत नाही. म्हणजे कार्ड कुठे गेलेलं नाही, गल्ल्याखालच्या खणात सुखरूप आहे.

त्या कार्डाची एक गोष्ट मला फार आवडायची. दर वाढला की मालक जुन्या आकड्यावर पांढरी चिठ्ठी डकवायचा आणि वर पेनाने नवा आकडा लिहायचा. नखाने कोपरा खरवडला की खाली जुना दर दिसायचा. त्याखाली अजून एक चिठ्ठी. सहा महिन्यांची महागाई नखाखाली यायची आणि मालकाला तोंडावर विचारता यायचं. स्क्रीनवर मात्र दुपारचा दर रात्री बदलला तरी खरवडायला काही नाही.

कुणी म्हणेल, म्हातारे लोक, नव्याला नावं ठेवणारच. तसं नाही. दिल्ली गेटच्या हातगाडीवर कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये आम्ही चौकोनातूनच देतो. रक्कम टाका, पिन टाका, डबीतून बाई ओरडते, विषय संपला. जेवायला मात्र पाच माणसं आणि नऊ टक्के बॅटरीचा एक फोन. सून हजेरी घेतल्यासारखी नावं पुकारते आणि सासरे प्रत्येक नावाला "काय म्हणाली?" विचारतात.

यापेक्षा पूर्वीचा वेटर बरा. खांद्यावर टॉवेल टाकून एका दमात म्हणायचा, "शेवभाजी, अख्खा मसूर, मटकी, बैंगन मसाला, पिठलं-भाकरी." आणि मग वाकून हळूच, "पनीर नका घेऊ दादा, कालचंय." हे सांगणारं ॲप अजून कुणी काढलेलं नाही, मालक काढूही देणार नाहीत.

मेनूला कागद नाही, पण बिल मात्र हातभर कागदावर येतं. अडीच टक्के केंद्राचे, अडीच टक्के राज्याचे आणि तळाशी 'कागद वाचवा, झाडे वाचवा'. त्याच्याही खाली आणखी एक चौकोन: आम्हाला तारे द्या. मी मुकाट्याने पाच देतो. चार दिले की 'काय कमी पडलं ते लिहा' म्हणून नवं पान उघडतं, आणि तेवढी बॅटरी उरलेली नसते.