चार गुंठे आणि एक ओटीपी

स्टुटगार्ट,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पोस्टमन परदेशी पाकीट घेऊन दारात उभा राहिला म्हणून आई, तू आधी घोटभर पाणी पी. सगळे ठणठणीत आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता आलं असतं, पण इथे राहून आम्हाला कागदाची चटक लागली आहे. या देशात विमेवाला, वीजवाला, शाळा, पालिका सगळे टपालानेच बोलतात. घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट प्रसारणाची वर्गणी द्यावी लागते, आणि ती मागणारं पत्रही पाकिटातूनच येतं. आमच्या डॉक्टरांकडे अजून फॅक्स आहे. नुसता नाही, चालू आहे. तुमचे जावई आलेल्या प्रत्येक कागदाला भोकं पाडून जाड फायलीत लावतात. अशा फायलींनी एक कपाट भरलं, तेव्हा त्यांना आपण इथले झालो असं वाटलं.

फराळ पोचला. पण आई, कुरिअरच्या कागदावर फराळाची किंमत सात हजार रुपये लिहायला तुला कोणी सांगितलं? घरगुती भेटीवर इथे ४५ युरोपर्यंत जकात नाही. तू अभिमानाने त्याच्या वर गेलीस, म्हणून मला जकातीच्या कचेरीत बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी एक चकली चिमटीत धरून दिव्याकडे नेली, फिरवली, आणि हा कशाचा भाग आहे असं विचारलं. या गावात मर्सिडीज आणि पोर्शे दोन्ही बनतात, त्यामुळे गोल आणि काटेरी दिसेल ते गाडीतलंच असणार अशी त्यांची समजूत. मी त्यांच्यासमोर चकली खाऊन दाखवली. कुरकुर आवाज झाला, पावती फाटली, मी पैसे भरले. तुझ्या चकलीवर जर्मन सरकारने कर घेतला, हे शेजारच्या काकूंना जरूर सांग.

आता दादाच्या कर्जतच्या प्लॉटांकडे येते. दिवाळीपासून त्याने मला व्हिडिओ पाठवायचा सपाटा लावला आहे. प्रत्येकात ड्रोन आधी नदीवरून उडतो, मग माथेरानच्या डोंगराकडे बघतो, मग चार खुंट्या ठोकलेल्या एका खाचरावर येऊन थबकतो. मागे बासरी. खाली अक्षरं: मुंबईपासून फक्त ९० मिनिटं. कुठल्या मुंबईपासून, कुठल्या वारी आणि कुणाच्या घड्याळाने, हे त्यात नसतं. बाबा, तुम्ही नोकरीभर पहाटेची कर्जत लोकल पकडलीत. सीएसएमटीला पोचायला दोन तास कसे जातात हे ड्रोनने तुम्हाला विचारायला हवं होतं. पण नव्या पनवेल-कर्जत रेल्वेमार्गावरचा वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खोदून झाला, ८ ऑक्टोबरला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि दादाला चौक, मोहोपे, चिखले अशी पनवेलपर्यंतची स्टेशनं तोंडपाठ झाली. गाडी सुरू व्हायच्या आधीच जमिनीचा भाव त्या मार्गाने पुढे धावतो आहे.

एका व्हिडिओत ‘रिव्हर टच’ असं लिहिलं होतं. नदी आपली पेज. मे महिन्यातही खळखळतं पाणी, म्हणे निसर्गाची देणगी! अहो, ते पाणी टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून येतं. १९२२ पासून डोंगरावरचं पाणी खाली पाडून वीज मुंबईला जाते आणि काम झालेलं पाणी आपल्या नदीला. आता ते उरलेलं पाणी दाखवून मुंबईकरांनाच जमीन विकायची. मुंबईला वीजही आपण दिली, विजेचं पाणीही आपणच देतोय, फक्त या खेपेला दराचा फलक लावून.

मी एक तरी प्लॉट घेऊन टाकावा असा दादाचा आग्रह आहे. युरो शंभरीपार गेल्यापासून आमचा हिशेब सोपा झाला, किमतीवर दोन शून्यं चढवली की रुपये. त्यामुळे दादाला वाटतं, आमच्या घरात सगळ्याच गोष्टींवर दोन शून्यं चढली आहेत. त्याला सांगा, कायदाच आडवा येतो. परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे परदेशी राहणाऱ्या भारतीयाला भारतात फ्लॅट घेता येतो, बंगला घेता येतो; शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. म्हणजे दहिवलीत वाढलेली, लावणीच्या चिखलात गुडघाभर उभी राहिलेली मी कर्जतला फार्महाऊस घेऊ शकत नाही. आणि दादरचे जे गृहस्थ भाताच्या रोपाला गवत समजून त्यात गाडी लावतात, ते मामाच्या सातबाऱ्यावरून शेतकरी ठरून घेऊ शकतात. मला वारसाने आलेली जमीन ठेवता येते, पण त्या मार्गाबद्दल या पत्रात बोलणं बरं दिसत नाही. बाबा, तुम्ही शंभर वर्षं जगा आणि माझा तो कायदेशीर मार्ग असाच बंद ठेवा.

गंमत म्हणजे आम्ही इथे चार गुंठ्यांसाठी नाव नोंदवलं आहे. विकत नाही, भाड्याने. इथे शहराच्या कडेला बागांच्या वसाहती असतात. त्यांचा १९८३ चा स्वतंत्र कायदा आहे. एकाला जास्तीत जास्त ४०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ आपले चार गुंठेच. त्यात झोपडी बांधायची ती पडवी धरून २४ चौरस मीटरच्या आत, आणि तिथे मुक्काम ठोकून राहायचं नाही. निदान एक तृतीयांश जागेत भाजीपाला आणि फळं लावलीच पाहिजेत, हे तर इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ठरलेलं आहे. आम्ही एका रविवारी बघायला गेलो. कमरेएवढी कुंपणं, टोमॅटोच्या काठ्या एका उंचीच्या, आणि दुपारी एक ते तीन कुणी खुरपंसुद्धा आपटायचं नाही. बागसंघाचे सेक्रेटरी खिशात टेप घेऊन फिरत होते. आमच्यासमोर त्यांनी एका धिप्पाड माणसाला थांबवलं आणि त्याच्या हिरवळीकडे बोट दाखवून विचारलं, ‘बटाटे कुठे आहेत?’ तो माणूस शाळेतल्या मुलासारखा खाली बघत राहिला. मी तेव्हाच ठरवलं, या सेक्रेटरींना एका शनिवारी कर्जतला आणायचं. नेरळपासून कशेळ्यापर्यंत प्रत्येक फार्महाऊसच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी फक्त तेवढंच विचारायचं. पोहण्याचा तलाव आहे, तंदूर आहे, मध्यरात्रीपर्यंत डीजे आहे. पीक म्हणाल तर कुंडीतला गवती चहा, आणि त्याच्यावर ‘ऑरगॅनिक’ अशी पाटी.

बागेसाठी कित्येक वर्षांची रांग आहे. तसा इथे साध्या भाड्याच्या घरालाही बघण्याचा कार्यक्रम असतो, कांदेपोह्यांचा. फरक एवढाच की पोहे मिळत नाहीत. हे घर मिळालं तेव्हा जिन्यात खालपर्यंत माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात पगाराच्या पावत्या, कर्ज बुडवलेलं नसल्याचा दाखला आणि आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र. तुमच्या जावयांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मालकीणबाईंनी आम्हाला पसंत केलं ते मी जिन्यात पडलेला कागदाचा कपटा उचलून खिशात टाकला म्हणून, असा माझा अंदाज आहे. आणि घर ताब्यात घेतलं तर आत स्वयंपाकघर नाही! खोली होती, ओटा नव्हता, शेगडी नव्हती, सिंक नव्हतं. भिंतीतून दोन नळ बाहेर आलेले आणि छतातून तीन वायरी लोंबकळणाऱ्या. आधीचा भाडेकरू आपला ओटा उचकटून घेऊन गेला होता, आणि इथे ते अगदी रीतसर आहे. आठवडाभर मी न्हाणीघरात तांदूळ धुतले. शिवाय दाराला पाटी लटकते तो आठवडा जिना झाडायची जबाबदारी आपली. मी मुंबईकरांच्या फार्महाऊसला हसते खरी, पण तिथे निदान सिंक तरी असतं.

पैशाच्या बाबतीत मात्र कर्जत फारच पुढे गेलं आहे. मे महिन्यात आलो होतो तेव्हा स्टेशनाबाहेर करवंदं विकणाऱ्या बाईंच्या पाटीला क्यूआर अडकवलेला होता. करवंदं पळसाच्या पानात, पैसे फोनवर. वडापाववाल्याच्या गाडीवर तर तो डबा दर मिनिटाला ओरडत होता, इतके रुपये मिळाले, तितके रुपये मिळाले. गिऱ्हाईकाच्या खिशातली बातमी सगळ्या फलाटाला. ऑगस्टमध्ये देशभरात यूपीआयचे एका महिन्यात दोन हजार कोटींवर व्यवहार झाले म्हणतात. त्यातले निम्मे त्या गाडीवरच झाले असावेत. इथे आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत कार्ड दाखवलं की बाई माझ्याकडे खोटी नोट दिल्यासारखं बघते. २०२३ मध्ये इथल्या मध्यवर्ती बँकेनेच पाहणी केली, तर खरेदीचे निम्म्याहून अधिक व्यवहार अजून रोखीने होत होते. चिरंजीव कर्जतहून परत आल्यावर दोन दिवस विचारात होता. मग म्हणाला, ‘आई, आपण मागासलेल्या देशात का राहतो?’

पण या पुढारलेपणाची सगळी किल्ली, बाबा, तुमच्या टेबलाच्या खणात आहे. माझं भारतातलं सिम तिथे जुन्या फोनमध्ये पडलंय, आणि बँक ओटीपी पाठवते ती तिथेच. मी इथून फोन लावते, तुम्ही खण उघडता, फोन बंद असतो, चार्जर आई देवघरात शोधते, चष्मा तुमच्या कपाळावर असतो. मग तुम्ही आकडे वाचता ते रेल्वेची घोषणा करावी तसे, थांबत थांबत, आणि शेवटच्या आकड्याला मुदत संपते. दादाने भाऊबीजेची ओवाळणी खात्यात टाकली, पाचशे एक रुपये. ती बघायला मला तुमचे चार ओटीपी लागले. एवढा खटाटोप करून बघितलेले पाचशे एक रुपये फारच मोठे दिसतात.

आणि आई, त्या तोतया पोलिसाला व्हिडिओ कॉलवर तू जे सांगितलंस, ते मी सगळ्या मराठी मंडळाला ऐकवलं. तो म्हणतो डिजिटल अरेस्ट, आणि तू म्हणतेस, ‘या की घरी, ठाणं काही लांब नाही, चहा टाकते.’ असली अटक कायद्यात नाहीच. तरी पुन्हा फोन आला तर १९३० वर कळवा. चहा टाकू नकोस.

सोनं तोळ्याला लाखाच्या पार गेलं म्हणून तू हळहळतेस. पण तुझं एक म्हणणं मोठमोठ्यांना पटलं आहे. इथल्या मध्यवर्ती बँकेने न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या तिजोऱ्यांत ठेवलेलं ६७४ टन सोनं २०१७ पर्यंत उचलून फ्रँकफुर्टला आणलं. मावशीच्या लॉकरमधल्या पाटल्यांवरून तू किती वर्षं भांडलीस! त्यांना तुझ्याएवढं बोलावं लागलं नसेल.

तुमच्या जावयांनी बाल्कनीच्या कठड्याला सौर पाट्या लावल्यात. ८०० वॉटपर्यंत परवानगी आहे, पिन भिंतीतल्या प्लगात खुपसायची की झालं. नोव्हेंबरात इथे सूर्य पाहुण्यासारखा येतो, तरी हे दर दहा मिनिटांनी अ‍ॅप उघडून किती वीज झाली ते बघतात. परवा भर दुपारी आनंदाने ओरडले, ‘साठ वॉट!’ चहाची किटली दोन हजार खाते. बाबा, आपल्या गच्चीवर तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे, तो अर्ज एकदा भराच. निदान जावयांना तुमचं अ‍ॅप बघायला मिळेल.

शेवटी खाचराचं. पेजेकाठचा तुकडा विकायला माझीही सही लागेल, असं वकिलाने सांगितल्यापासून दादाचे रोज ‘जेवलीस का’ असे मेसेज येतात. आत्याने एका साडीवर हक्कसोड दिली होती, ते दिवस गेले. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे, आणि मी जेवले. सही मी करणार नाही. कर्जत-३ हे वाण आपल्याच गावच्या भात संशोधन केंद्राने काढलं, कुठे कुठे पेरलं जातं, आणि आपल्या गावात ते लावायला खाचर शोधावं लागावं, हे मला मुळीच पटत नाही. दादाला अगदीच वीकेंडवाले आणायचे असतील तर माझी हरकत नाही. झोपडी पडवी धरून २४ चौरस मीटर. कुंपण कमरेएवढं. दुपारी एक ते तीन डीजे बंद. आणि दोन तृतीयांशात भात. मी इथल्यापेक्षा दुप्पट मागतेय, कारण बहीण आहे. मोजायला टेप मी पाठवते. भेट म्हणून, ४५ युरोच्या आत.

वहिनीला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच.

तुमची,
बेबी

ता. क. : पत्र पोचलं की कळवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तुमच्या दुपारी एकच्या सुमाराला मी विम्याचा हप्ता भरायला बसेन. ओटीपी येईल. फोन आदल्या रात्री चार्जिंगला लावा, आणि चष्मा कपाळावर आहे का ते आधी बघा.