भिंत कॉर्डलेस नसते

हातात ड्रिल असलेल्या माणसाला 'जरा दळण घेऊन या' असं कुणी म्हणत नाही. हे मला फार उशिरा कळलं, नाहीतर लग्नाच्या आहेरातच मशीन मागून घेतलं असतं. एरवी सोसायटीत माझी ओळख 'चारशे दोनच्या वहिनींचे मिस्टर' एवढीच. पण कॉर्डलेस हॅमर ड्रिल घरात आल्यापासून लोक दारात चपला काढून उभे राहतात आणि खालच्या आवाजात विचारतात, "काका, एक होल मारून द्याल का?"

मी लगेच हो म्हणत नाही. आधी भिंतीवर बोटानं टकटक करतो, कान लावतो आणि 'हं' म्हणतो. आमचे जुने फॅमिली डॉक्टर पोटावर बोटं आपटून असाच 'हं' म्हणायचे आणि फी त्या 'हं'चीच असायची.

माझा 'हं' अगदीच पोकळ नसतो बरं का. विटेची भिंत असली तर हॅमर लावायचा आणि सुखानं होल पाडायचं. सिपोरेक्सची असली तर हॅमर बंद. नाहीतर सहाच्या बिटानं आठाचं भोक पडतं आणि रावल प्लग आत गोल गोल फिरत बसतो. आरसीसीचा कॉलम असेल तर माझं मशीन अर्ध्या इंचावर जाऊन किंचाळतं. ते काम मोठ्या रोटरी हॅमरचं. तिथे मी "स्ट्रक्चरला हात लावणं योग्य नाही" असं म्हणून सन्मानानं बाहेर पडतो. टाइलवर मास्किंग टेप चिकटवायची, हॅमर बंद ठेवायचा आणि हळूहळू सुरुवात करायची. त्या डिझाइनची टाइल आता बाजारात मिळत नाही ही बातमी तडा गेल्यावरच समजते.

आत खरोखरीचा हातोडा वगैरे काही नसतो. दोन दातेरी चकत्या असतात. मशीन दाबलं की त्या एकमेकींवर फिरतात, दातावर दात चढतो आणि घसरतो, आणि बिट मिनिटाला हजारो ठोके देत भिंतीत शिरतं. दाबलंच नाही तर चकत्यांची गाठ पडत नाही, फार दाबलं तर मोटर गुदमरते. म्हणजे बेताचा दाब आणि सरळ हात, एवढंच माणसाचं काम. पण बघायला चारजण जमलेले असताना एवढंसंच करून कसं भागेल? म्हणून जोर चेहऱ्यावर लावायचा, मशीनवर नाही. दात-ओठ खाणे, एक डोळा मिटणे, शेवटी कपाळ पुसणे हे सगळं माझ्यातर्फे मोफत असतं.

माझ्या या साम्राज्याला पहिला धक्का समोरच्या विंगमधून बसला. तिथल्या एका गृहस्थांनीही ड्रिल आणलं आणि त्यावर ठळक अक्षरांत '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं. माझ्यावर १८. दोन व्होल्टचा हा अपमान मी बरेच दिवस गिळला. मग अभ्यास केला. दोन्हींच्या बॅटरीत लिथियमचे सेल सारखेच, पाच. वापरात प्रत्येकाचे सरासरी ३.६ व्होल्ट धरले की १८ होतात. नुकत्याच भरलेल्या सेलचे चार धरले की २०. वस्तू एकच, मोजायची वेळ वेगळी. हे मी त्यांना लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि गणपतीच्या वर्गणीच्या मीटिंगमध्ये समजावून सांगितलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "असेल, पण हे नासाचं तंत्रज्ञान आहे."

आता नासाचं नाव काढलं की मला थांबवणं कठीण. पहिली गोष्ट, कॉर्डलेस ड्रिल नासानं शोधलेलं नाही. ब्लॅक अँड डेकर कंपनीनं ते १९६१ सालीच बाजारात आणलं. माणूस चंद्रावर गेला त्यानंतर आठ वर्षांनी. चंद्रावरच्या ड्रिलला या कंपनीनं हातभार लावला हे मात्र खरं, आणि त्या ड्रिलची कथा मी पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवतो. १९७१ साली अपोलो १५ मधून डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन चंद्रावर उतरले. जमिनीतली उष्णता मोजण्यासाठी तीन मीटर खोल भोकं पाडायची होती. स्कॉटनं बॅटरीवरचं, फिरतं-ठोकतं ड्रिल लावलं आणि ते दीड मीटरच्या आसपास अडकलं. दुसऱ्या भोकानंही दगा दिला. कारण काय, तर बिट तुकडे जोडून केलेलं. त्याच्या अंगावरची नागमोडी खाच सांध्यापाशी तुटत होती. भोकातलं पीठ वर यायला वाट नाही, ते तिथेच घट्ट बसलं आणि दांडा जाम!

मग मातीचा नमुना काढायला आणखी एक भोक पाडलं. अडीच मीटरला थोडी कमी अशी ती नळी आत गेली झकास, पण बाहेर येईना. दोघांनी स्पेससूटसकट खांदे लावून ती उपटली, त्यात स्कॉटचा खांदा दुखावला. पुढे नळीचे तुकडे सुटे करायला गाडीवर जो व्हाइस बसवला होता, तो उलटा निघाला. पृथ्वीवरूनच उलटा बसवून पाठवलेला! ३,८४,००० किलोमीटरवर जाऊन शेवटी 'हा कुणी बसवला रे' हेच. हे प्रथम वाचलं तेव्हा मला झालेला आनंद शोभण्यासारखा नव्हता. त्या दिवसापासून मी स्कॉटचा उल्लेख एकेरीत आणि आपला माणूस म्हणून करतो.

पुढच्याच वर्षी अपोलो १६ ला सुधारलेलं बिट दिलं. चार्ल्स ड्यूकनं भोक सुंदर पाडलं, उष्णतामापक आत सोडला, आणि जॉन यंगचा पाय त्याच्या केबलमध्ये अडकून ती तुटली. प्रयोग संपला. ड्रिल कॉर्डलेस घेऊन गेले आणि दुसरीच वायर पायात आली.

विषयांतर झालं खरं, पण भोक पाडताना बिट मध्ये मध्ये बाहेर काढून पीठ मोकळं करायचं असतं, हे एवढ्या खर्चात दुसरं कोण शिकवणार होतं?

वायरीचं म्हणाल तर ती चंद्रापेक्षा आपल्या भिंतीत जास्त. मशीनला वायर नाही म्हणून शॉक लागणार नाही, असं मानणारे सुशिक्षित लोक मला भेटले आहेत. मशीन कॉर्डलेस असलं तरी भिंत कॉर्डलेस नसते. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत होल मारायचं नाही. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत पाइप कुठून गेला आहे हे विचारायचं. शंका असेल तर एमसीबी पाडायचा. आपल्याकडे काही वायरमननी वायर तिरकी नेलेली असते, म्हणून शंका नसली तरी पाडावा. बिट बदलताना आधी बॅटरी काढायची. बिट सळईला लागलं तर ते थांबतं आणि मशीन फिरू लागतं, मध्ये आपलं मनगट असतं. म्हणून साइड हँडल लावून दोन्ही हातांनी धरायचं. सैल हातमोजे, ओढणी, गळ्यातली साखळी, लुंगी हे सगळं फिरत्या वस्तूच्या आवडीचं. एकजण लुंगी नेसून स्टुलावर चढले होते. त्यांना मी खाली उतरवलं, ते सुरक्षेसाठी की इतरांच्या सोयीसाठी ते सांगत नाही.

मी स्वतः मात्र जामानिमा करूनच निघतो. गॉगल, कानात प्लग, नाकावर एन-९५. एका कॅलेंडरच्या खिळ्यासाठी एवढं पाहून मुलं हसतात आणि मलाही ते हवंच असतं.

त्या दिवशी एसी बसवायला एक मुलगा आला. विशीचा असेल. प्लास्टिकच्या स्टुलावर उभा राहून त्यानं डोक्याच्या वर भराभर होल मारली. प्रत्येक भोकाला तोंड लावून, डोळे मिटून फुंकर मारायचा आणि सगळी धूळ त्याच्याच तोंडावर यायची. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी माझा गॉगल पुढे केला. त्यानं मान राखायला घेतला आणि कपाळावर चढवला. "काका, मास्क लावला की फोनवर बोलता येत नाही. एवढं झाल्यावर अजून चार घरं आहेत."

विटा, सिमेंट, वाळू यांच्या या पिठात सिलिका असते. तिचा बारीक कण फुप्फुसात जाऊन बसला की कायमचा. वर्षानुवर्षं साचत गेलं की सिलिकोसिस होतो आणि तो बरा करणारं औषध नाही. मंदसौरकडे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार याच रोगानं गेले. आपण त्या पेन्सिली वर्गात चघळत होतो. महिन्याकाठी चार होल मारणारा मी अंतराळवीरासारखा नटतो आणि रोज दिवसभर मारणारा फुंकर घालतो, याचा मला त्या दिवशी राग आला. तो कुणावर काढायचा हे कळेना. संध्याकाळी बिल आलं. त्यात व्हिजिटिंग चार्ज होता, ब्रॅकेटचे पैसे होते, तांब्याच्या पाइपचे फुटावर होते, जीएसटी होता. मास्क कुठल्याच ओळीत नव्हता.

असो. मशीनच्या तब्येतीकडे मात्र माझं बारीक लक्ष असतं. काम झालं की बॅटरी काढून हवेच्या जाळ्या ब्रशनं साफ करायच्या, चक तोंड खाली करून झटकायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचं, पाणी नाही. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावायची नाही, उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, पिशवीत सुट्या स्क्रूंबरोबर टाकायची नाही. फार दिवस वापरायची नसेल तर अर्धी भरलेली, थंड जागी ठेवायची. आमच्या घरातली सगळ्यात थंड जागा देवघराखालचा कप्पा. तिथे आता समई, अष्टगंध आणि लिथियम एकत्र नांदतात. "आता नैवेद्यही दाखवा," असं ही म्हणाली. फुगलेली बॅटरी मात्र घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. कचऱ्यात दबली तर पेट घेते.

ड्रिल हवं असेल तर खुशाल घेऊन जा. रविवारी सकाळी दहानंतर, सेक्रेटरींची झोप झाल्यावर. सोबत गॉगल आणि मास्क देईन. आणि होल मारायला कुणाला बोलावणार असाल, तर करोनातले एन-९५ अजून तुमच्या ड्रॉवरमध्ये पडून असतील. त्यातला एक पाण्याच्या ग्लासाबरोबर त्याच्या हातात द्या आणि काम होईपर्यंत त्याचा फोन तुम्ही उचला.