कांद्याला झोपू द्या

घरच्या बागेतल्या फुलकांद्यांच्या मृत्यूची चौकशी नेमली, तर बहुतेक प्रकरणांत आरोपी म्हणून झारीलाच उभं करावं लागेल. मे फ्लॉवर, अमॅरिलिस, निशिगंध, रेन लिली ही मंडळी उन्हाच्या तडाख्यानं सहसा मरत नाहीत. ती मरतात थंडीत, कुंडीवर एक पान दिसत नसताना, रोज सकाळी न चुकता मिळालेल्या तांब्याभर पाण्यानं. मग मालक हळहळतो, ‘एवढी काळजी घेतली, तरी गेलं!’ एवढी काळजी घेतली नसती, तर वाचलं असतं, हे त्याला सांगायचं कुणी? ते काम मी अंगावर घेतो. उन्हाळ्यात फुलणाऱ्या कांद्यांची बाग हा आळशी माणसाचा प्रांत आहे. कष्टाळू माणसाला त्यात पाऊल टाकायचं असेल, तर त्यानं आधी वर्षातले चार-पाच महिने हात बांधून बसायला शिकावं.

पुरावा हवा असेल तर लासलगावच्या आसपास हिंडावं. नाशिककडचा उन्हाळ कांदा काढायला येतो, तेव्हा शेतकरी दोन-तीन आठवडे आधीच पाणी तोडतो. वाफ्यात माना पडायला लागलेल्या असतात, पात पिवळी पडत असते. नेमकं हेच दृश्य कुंडीत दिसलं की शहरी बागवानाचं काळीज पाघळतं आणि हात झारीकडे जातो. शेतकऱ्याचा जात नाही, कारण या घडीला पाणी प्यालेला कांदा पुढे चाळीत सडतो आणि ते नुकसान त्याला रोख रकमेत मोजावं लागतं. काढलेला कांदा तो पातीसकट शेतातच सुकवतो, मान आवळून मिटली की पात कापतो आणि जमिनीपासून उचललेल्या, चहूबाजूंनी वारा खेळणाऱ्या चाळीत माल भरतो. तिथं माती नाही, पाणी नाही, खत नाही, आणि ‘आज कशी आहे तब्येत?’ असं विचारणारंही कुणी नाही. असा कांदा दिवाळीच्या सुमारापर्यंत ठणठणीत राहतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: तो भाजीचा कांदा, आमचा शोभेचा, दोघांची तुलना कशी करता? करता येते, कारण वनस्पतिशास्त्र सोवळंओवळं पाळत नाही. सपुष्प वनस्पतींच्या 2009 सालच्या एपीजी वर्गीकरणानं कांदा-लसणाला अमॅरिलिसच्याच कुळात बसवलं. मे फ्लॉवर आणि रेन लिलीही त्याच कुळातल्या. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांच्या गॅलरीतही अमॅरिलिस असते; तिचं हे नातं घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर न घातलेलं बरं. निशिगंधाची गोष्ट याहून मासलेवाईक. त्याला वेगळ्या घरोब्यातून उचलून आता चक्क घायपाताच्या प्रजातीत घातलंय. माळरानावरच्या घायपाताला झारीनं पाणी घालणारा माणूस कुणी पाहिला आहे काय?

मुळात कांदा ही वस्तूच दुष्काळाची तरतूद म्हणून घडलेली आहे. मे फ्लॉवर सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतलं, निशिगंध मेक्सिकोतला, अमॅरिलिस म्हणून आपण जी लावतो ती दक्षिण अमेरिकेतली. कोरडा काळ आला की पानांनी कमावलेलं सगळं खाली कांद्याच्या पाकळ्यांत भरायचं, वरचा पसारा आवरायचा आणि जमिनीत दडी मारायची, ही यांची पिढीजात रीत. निजलेल्या कांद्याला पाणी ओढून घेणारी पानं नसतात, मुळंही जेमतेम असतात. मग कुंडीतलं पाणी तिथंच मुरतं, बुरशीला आमंत्रण जातं आणि खालची चकती, जिथून मुळं फुटायची, तीच आधी कुजते. उलट पुढच्या हंगामातल्या अमॅरिलिसची कळी आदल्या हंगामातच कांद्याच्या पोटात तयार होऊन बसलेली असते. तिला फक्त वेळेची वाट पाहायची असते. रेन लिलीला तर आधी कोरड पडावी लागते; मग वळीव कोसळला की चार-पाच दिवसांत अख्खी कुंडी गुलाबी होते. रोज पाणी घालणाऱ्यांकडे ती नुसती पात वाढवत बसते आणि मालक नर्सरीवाल्याच्या नावानं बोटं मोडतो. या बाबतीत मला 1636-37च्या हिवाळ्यातल्या डच सट्टेबाजांविषयी आदर वाटतो. ट्यूलिपचे कांदे जमिनीत गाडलेले असताना त्यांनी ते नुसते कागदावर विकले, पुन्हा पुन्हा विकले, आणि फेब्रुवारीत सगळा बाजार कोसळला. त्यांचं अर्थशास्त्र दिव्य होतं खरं, पण कांद्याला कुणी हात लावला नाही; बागकाम निर्दोष होतं.

‘पण मग चार-पाच महिने रिकामी कुंडी बघत बसायची?’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे, विशेषतः जिथे गॅलरीत माणूस उभा राहील की कुंडी, असा प्रश्न असतो तिथे. माझं म्हणणं, बघूच नका. कुंडी आडवी करून कोपऱ्यात, पलंगाखाली, माळ्यावर कुठेही ढकला. ती तक्रार करणार नाही. फक्त वर नाव लिहून ठेवा. नाहीतर घरातलं कुणीतरी ‘मोकळीच आहे’ म्हणून तिच्यात धने पेरतं, किंवा त्याहून वाईट, सुटा ठेवलेला कांदा स्वयंपाकघरातल्या टोपलीत जातो. या लिल्यांच्या कांद्यांत लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि त्यांचा रस्सा केला तर घरभर ओकाऱ्या होतात. नातं सख्खं असलं, तरी पंगत एक नव्हे.

खरी लिली, म्हणजे आशियाई आणि ओरिएंटल जातींची, या सगळ्याला अपवाद आहे, हे कबूल करतो. तिला आळस पुरत नाही, तिला थंडी लागते, आणि ती काही आठवडे सलग लागते. मुंबईत ती कळ्यांसह विकत मिळते, फुलते, आणि पुढल्या वर्षी नुसती पानं घेऊन उगवते किंवा तेवढीही तसदी घेत नाही. आपल्या द्वीपकल्पातली देशी लिलीसुद्धा निलगिरी आणि पळणीच्या उंचावरच राहते, खाली उतरत नाही. काही चिकाटीचे लोक कांदे फ्रिजमध्ये ठेवतात. तिथं शेजारी पिकलेली फळं असली तर त्यांतून निघणाऱ्या इथिलिननं आतली कळीच करपण्याची भीती असते. एवढा खटाटोप करण्यापेक्षा ती फुलांचा गुच्छ समजून आणावी आणि गुच्छासारखीच विसरावी. घरात मांजर असेल तर तेवढीही हौस नको; या लिलीनं मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

पावसाळ्यात मात्र आळशांचं राज्य संपतं. पानं हिरवी आहेत तोवर त्यांना ऊन, पाणी आणि शेणखत द्यायचं, कारण पुढच्या फुलाची कमाई तिथंच होते. याच दिवसांत काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके मिरवणाऱ्या अळ्या येतात आणि दोन रात्रींत कुंडी भादरून ठेवतात. त्या वेचायच्या, रोज वेचायच्या, आणि याला दुसरा सोपा उपाय नाही. फूल गेलं म्हणून पानं कापणाऱ्या नीटनेटक्या लोकांना या काळात बागेपासून दूर ठेवावं. दिवाळीनंतर पानं आपणहून पिवळी पडली की पाणी तोडा आणि वळवाच्या सरीपर्यंत कुंडीचं तोंड पाहू नका. हात फारच शिवशिवले तर झारी अळूच्या आळ्यात रिकामी करा, त्याला पाणी कधी जास्त होत नाही.